तिसऱ्या खांबावरची रेघ

शिरूरचा घोडनदीवरचा जुना दगडी पूल पाडायला घेतला ते साल २०२३. डिसेंबर होता. मी पंचाहत्तर वर्षांची होते. त्या पुलावर माझ्या वडिलांची नोकरी होती आणि त्याच पुलावर त्यांचं नाव गेलं.

आमची माणसं मेंढरं राखणारी. आठ महिने वाटेवर आणि चार महिने घरी. आमच्यात कायमच्या छपराखाली झोपणारे पहिले माझे वडील, तात्याबा. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. पुलाच्या शिरूरकडच्या टोकाला एका खोलीची पत्र्याची चौकी होती. त्यात आप्पा, आई, मी आणि माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान हणमंत असे राहायचो. पुलाला नऊ कमानी होत्या. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात टरबुजांच्या वाड्या लागायच्या आणि पलीकडच्या, नगरकडच्या काठावरनं येणाऱ्या गाड्यांचा आवाज कमानींखाली दुप्पट व्हायचा. तो आवाज ऐकत मी पाढे पाठ केले. पुढं छत्तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवली, पण पाढे म्हणताना माझ्या कानात बैलगाडीच चालायची.

आप्पांचं काम सोपं होतं. तिसऱ्या खांबावर दगडात एक आडवी रेघ कोरलेली होती. दर साली पावसाच्या आधी ऑफिसकडून रंगारी यायचा आणि तिच्यावर लाल रंग ओढायचा. नदीचं पाणी त्या रेघेला लागलं की दोन्ही टोकांना साखळी लावायची आणि कुणालाही पुलावर जाऊ द्यायचं नाही. चौकीच्या दारातनं ती रेघ दिसायची. आप्पांना लिहिता येत नव्हतं, पण रेघ वाचता येत होती.

१९५९ च्या श्रावणात, बाजारच्या दिवशी, दुपारी घोड चढली. आप्पा दारात उभे राहून रेघेकडं बघत होते. पाणी रेघेच्या खाली होतं. बाजार करून पलीकडं निघालेली एक बैलगाडी त्यांनी जाऊ दिली. गाडी मध्यावर असताना वरनं लोंढा आला आणि कठड्यावरनं गेला. गाडीत सहा माणसं होती. त्यातलं एकही सापडलं नाही. बैल तेवढे दोन दिवसांनी खाली सापडले.

चौकशी झाली. साहेबांनी कठड्यावरनं टेप सोडून, नकाशा बघून हिशेब केला. त्यांचं म्हणणं असं की गाडी सुटली त्याच्या अर्धा तास आधीच पाणी खुणेच्या वर गेलेलं होतं. आप्पा एकच वाक्य बोलत राहिले, "साहेब, पानी रेघंला लागलं न्हवतं." त्यांना काढून टाकलं. आम्ही आईच्या माहेरी, खुटबावला गेलो. आप्पांनी मामाची मेंढरं धरली. ते वाक्य मात्र आमच्या आधी खुटबावला पोचलं होतं. विहिरीवर कुणी घागर भरायला लागलं तरी पोरं ओरडायची, "अगं बघ, रेघंला लागलं का पानी?" पंधरा वर्षांचा असताना हणमंतानं एकदा भांडणात आप्पांच्या तोंडावर म्हटलं, "सा मानसं खाल्लीस तू." आप्पा उठले आणि मेंढरांकडं गेले.

एवढं मागचं. आता २०२३.

पूल पाडायच्या आधी त्याची सगळी नोंद करायची असं सरकारी ठरलं. मापं, फोटो, नकाशे, जुन्या माणसांच्या आठवणी, सगळं. त्या कामावर अंकिता नावाची मुलगी होती. तीस-बत्तीसची असेल. पाबळची. ती माझा पत्ता शोधत दौंडला आली. मी हणमंताच्या घरी राहते. हणमंत रेल्वेत गँगमन होता. तेव्हा त्याची फुप्फुसं संपत आली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरायचं.

अंकितानं फोन टेबलावर ठेवून माझ्या आठवणी रेकॉर्ड केल्या. मी पुष्कळ बोलले. टरबुजं, चौकी, कमानीत घरटी करणाऱ्या पाकोळ्या. नदीला पूर आला की बायका खणा-नारळानं तिची ओटी भरायच्या आणि पूर ओसरला की खांबावरच्या रेघेला शेंदूर लावायच्या, तेही सांगितलं. बायकांना ती रेघ धोक्याची खूण वाटायचीच नाही. ते नदीचं कुंकू होतं. अंकिताला हे फार आवडलं.

मग तिनं कच्चा अहवाल दाखवला. त्यात लिहिलं होतं, "१९५९ ची दुर्घटना चौकीदाराच्या हलगर्जीपणामुळे घडली."

मी म्हटलं, "हे वाक्य काढ."

"आजी, चौकशीच्या कागदात तसंच आहे. मी कशाच्या आधारावर काढू?"

आतनं हणमंत ओरडला. मशीनवर असला तरी आवाज होता त्याला. "आक्का, ऱ्हाऊ दे की! मेलेल्या मानसाला सर्टिफिकीट घिऊन काय मसनात चिकटवायचंय?"

"तुला नको तर नको. मला पाहिजे," मी म्हटलं.

पूल जाणार होता. पुलाबद्दल जगात जे काही शिल्लक राहणार ते त्या अहवालात, आणि त्यात माझ्या बापाचं नाव असं लिहिलेलं. मला दुसरं काही नको होतं. ते एक वाक्य निघालं की मी मरायला मोकळी, असं मी खरंच मनात म्हटलं होतं.

आठ दिवसांनी अंकिताचा फोन आला. आवाज चढलेला होता. "आजी, एक गंमत आहे. जुन्या नकाशात खूण कठड्याच्या नऊ फूट खाली दाखवलीय. मी खांबावर मोजली तर साडेसात फूट येते. दीड फुटाचा फरक. शेंदराचा थर बोटभर जाड आहे, तो खरवडून बघावा लागेल. सोमवारी पाडायचं मशीन लागणार आहे. तुम्ही रविवारी येता का?"

दीड फूट म्हणजे हातभर. घोड चढणीला असली की हातभर चढायला तिला अर्धा तास लागतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी हणमंताला सांगितलं. त्यानं नाकातली नळी नीट केली आणि म्हणाला, "जा. जीप करून जा. एसटीनं हाडं मोडून घिऊ नगंस."

रविवारी सकाळी पात्रात पाणी कमी होतं. तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी दगडी चौथरा आहे. तिथवर मला दोघांनी धरून नेलं. एक म्हातारा आधीच येऊन बसला होता. धोतर, टोपी, हातात काठी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तात्याबाची धुरपदा का तू? बाई झालीस म्हनं शाळंत."

"हो. तुम्ही?"

"म्या गोकुळ. त्या गाडीत माजी आय व्हती. दोन भनी, चुलता, चुलती, आज्जी. मला गोवर निगाला व्हता म्हून घरी ठिवला." तो थुंकला. "चौसष्ट वरसं तुज्या बापाला शिव्या घातल्यात म्या. आज ही पोरगी म्हनली, काय तरी निगतंय. म्हून आलो. न्हाई निगालं तर अजून घालीन."

अंकितानं पातळ पट्टीनं शेंदूर काढायला सुरुवात केली. पापुद्रे पडत गेले, भगवे, मग काळपट, मग परत भगवे. खाली नुसता सपाट दगड निघाला. कोरीव रेघ नव्हतीच. मग तिनं तिथनं हातभर खाली खरवडलं. तिथं चुना भरलेला होता, आणि चुन्याच्या खाली, दगडात, सरळ, बोटभर खोल, खरी रेघ.

गोकुळ काठी टाकून पुढं आला. वरचा शेंदूर, खालची रेघ, दोन्हींना हात लावून बघितलं.  मग म्हणाला, "म्हंजी तात्याबा खोटं बोलत न्हवता. त्याला दिसत व्हती तिला पानी लागलंच न्हवतं."

"नव्हतं," अंकिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"आरं द्येवा." तो चौथऱ्यावर बसला. "मेल्यालं मानूस. त्याला शिव्या घातल्या म्या."

अंकिता चुन्याचे फोटो काढत होती. "आजी, हे बघा. चुना बोटांनी दाबून भरलाय. ठसे आहेत. बारीक आहेत बोटं, लहान मुलाची वाटतात."

गोकुळनं मान वर केली. "कुनी हालवली मंग रेघ?"

सगळे माझ्याकडं बघत होते, कारण त्या दिवसांत पुलावर राहिलेलं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "रंगाऱ्यानं असेल. त्याच्याबरोबर पोरं असायची हाताखाली."

हे मी दुसऱ्यांदा म्हटलं होतं.

ती बोटं माझी होती. चुन्यावरचे ते चार ठसे बघितले आणि सगळं एकदम समोर आलं. आप्पा तेव्हा तीन दिवस दौंडला गेले होते, आत्याचं दुखणं होतं. त्या साली रंगारी आलाच नव्हता. रेघ फिकी झाली होती. चौथऱ्यावर बायका धुणं धुवायच्या. साबणाचं, सोड्याचं पाणी रेघेवर उडायचं. माझी आई, म्हाळसा, म्हणाली, "द्येवीच्या कपाळावर घान पानी उडतंय. तिला वर घ्यू." तिनं चुना कालवला. मी तो रेघेत दाबून भरला. मग तिनं मला खांद्यावर घेतलं आणि मी हातभर वर तेलात कालवलेला शेंदूर ओढला, एका दमात, सरळ. आई खालनं म्हणाली, "लई ग्वाड काडलीस गं." माझ्या उभ्या आयुष्यात मला एवढं उंच आणि एवढ्या मायेनं कुणी धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले. दारातनं बघितलं. "धुरपे, रंगारी यिऊन गेला जनू?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला हसू आवरेना. मी म्हटलं, "व्हय आप्पा, काल आला व्हता."

"ब्येस रंगीवलीय."

दिवसभर आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसत होतो. रात्री जेवताना सांगू आणि त्यांना चिडवू, असं ठरलं होतं. पण दुपारीच वरच्या अंगाला पाऊस लागला आणि ते जेवायला आलेच नाहीत, चौकीच्या दारातच बसून राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता.

विसरले होते असं म्हणणं सोपं आहे. आईचा खांदा मला आठवत होता, शेंदराचा वास आठवत होता. रेघ हातभर वर गेली, एवढंच मी चौसष्ट वर्षं आठवलं नाही.

रविवारी दुपारी, शिरूरहून परतताना, जीपमध्ये मी अंकितानं दिलेल्या चौकशीच्या झेरॉक्स वाचल्या. आधी मी फक्त शेवटचं पान वाचलं होतं. मधल्या पानावर रंगाऱ्याची साक्ष होती. रखमाजी नाव. "त्या साली मी तापाने आजारी होतो. पुलावर गेलो नाही." त्याखाली साहेबांनी लिहिलं होतं, "मग खूण कोणी रंगवली, असे चौकीदारास विचारले. चौकीदार यावर काही बोलला नाही."

आप्पांना कळलं होतं. साक्षीच्या वेळी, त्या टेबलासमोर उभे असताना कळलं होतं. एक नाव घेतलं असतं तर नोकरी राहिली असती. आईला केव्हा कळलं, कुणी सांगितलं, की कुणी सांगितलंच नाही, ते मला माहीत नाही. खुटबावला आल्यापासून तिनं शेंदराला हात लावला नाही. देवळात गेली तर लांबनं हात जोडायची. मला वाटायचं, नवऱ्याची नोकरी गेली म्हणून देवावर रुसलीय.

जीप दौंडला पोचेपर्यंत मी ठरवलं होतं, अंकिताला उद्या फोन करायचा. घरात शिरले तर हणमंत कॉटवर ताठ बसलेला. अंकितानं त्याला आधीच फोन केला होता.

"आक्का." त्याला दम लागला होता तरी बोलायचं होतं. "आप्पा खरं बोलत व्हतं. म्या त्येंला काय म्हनलो व्हतो, ठावं हाय न्हवं तुला?"

"ठाऊक आहे. बोलू नको. दम खा."

"त्येंनी मला एक थोबाडीत मारायची व्हती गं. का न्हाई मारली?"

मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. त्या दिवशी सांगितलं नाही. सोमवारी मशीन लागलं आणि तिसरा खांब दुपारपर्यंत पाण्यात कोसळला होता. त्याही दिवशी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत अहवाल आला. आप्पांबद्दलचं वाक्य निघालं होतं. त्या जागी होतं, "खूण रंगाऱ्याकडून चुकीच्या जागी रंगवली गेल्याचे दिसते. रंगारी रखमाजी याची आजारपणाची साक्ष विश्वसनीय मानता येत नाही." पेपरात चौकट आली. हणमंतानं ती लॅमिनेट करून आणवली आणि कॉटवरनं दिसेल अशी भिंतीला लावली. डॉक्टर आला की त्याला वाचायला लावायचा.

आठवडाभरानं एक बाई दारात आली. पंचेचाळीसची असेल. नखांत रंग. म्हणाली, "मी सविता. शिरूरला एसटी स्टँडपाशी आमचं पाट्या रंगवायचं दुकान आहे. रखमाजी माझे आजोबा."

मी तिला बसवलं. चहा ठेवला. हणमंत आतनं ऐकत होता.

"बाई, तुमच्याशी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "तुमचे वडील सुटले, चांगलं झालं. पण आमचे आजोबा त्या साली खरंच अंथरुणावर होते. आजी सांगायची, विषमज्वर होता, तिनं गळ्यातलं मोडलं होतं औषधाला. तुम्ही तिथं होता. तुम्ही त्यांना पुलावर बघितलं होतं का? तुमच्या डोळ्यांनी?"

मशीन घुरघुरत होतं. हणमंतानं खोकला दाबून धरल्याचं मला ऐकू येत होतं. भिंतीवर ती चौकट.

मी म्हटलं, "मी लहान होते. नीट आठवत नाही."

तिनं कप खाली ठेवला. अर्धा तसाच होता. "दुकानावर त्यांचं नाव आहे हो," ती म्हणाली. "गिऱ्हाईक विचारतात, हेच का ते?"

मी उठून कप उचलले.

हणमंत मार्चमध्ये गेला, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी. शेवटच्या महिन्यात तो आप्पांशी बोलायचा, खोलीत असल्यासारखा. सुखानं गेला. ते सुख मी त्याला कशाच्या मोबदल्यात दिलं हे त्याला कळलं नाही, आणि आता त्याच्यासमोर मला कबूलही करता येत नाही.

तेराव्यानंतर मी अंकिताला फोन केला आणि सगळं सांगितलं, खांदा, चुना, हसणं, सगळं. 

"आजी," मग ती म्हणाली, "अहवाल जमा झाला. मी त्या कामावर नाही आता. दुरुस्तीचा अर्ज केला तर पुरावा मागतील. आता खांबच नाही. ठशांचे फोटो आहेत, पण ते कुणाचे, हे कसं दाखवणार?"

"माझे आहेत. मी सांगते ना."

"तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं, आजी."

ती हे रागानं म्हणाली नाही. तिनं अर्ज लिहून दिला. मी सही करून ऑफिसात नेऊन दिला. उत्तर आलं, मूळ वास्तू अस्तित्वात नसल्यामुळे नोंदीत बदल करता येत नाही.

मग मी शिरूरला सविताच्या दुकानात गेले. ती नंबर प्लेट रंगवत होती. उभ्या उभ्या सांगितलं. तिनं आकडा पुरा केला, ब्रश तेलात बुडवला, फडक्याला पुसला. बस म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. मी बऱ्याच वेळानं आपण होऊन निघाले.

आता कोण कुठं आहे ते लिहिते.

आप्पा १९७१ साली खुटबावच्या माळावर मेंढरांत वारले. आई त्यांच्यानंतर सोळा वर्षं जगली. आम्ही त्यावर कधी बोललो नाही, ना ती, ना मी. अंकिता विदर्भात कुठल्याशा जुन्या पुलाच्याच कामावर आहे. दिवाळीला तिचा मेसेज येतो, शुभेच्छा एवढाच. गोकुळला मी निरोप धाडून सगळं कळवलं. त्याचा उलट निरोप आला, "आता कुनाला शिव्या घालू, ते बाईंनीच सांगावं." त्याच्या पुढच्या वर्षी तो गेला. सविताचं दुकान बंद आहे. फ्लेक्स आल्यापासून धंदा नव्हताच, असं शेजारचा पानवाला सांगतो. ती नवऱ्यासोबत रांजणगावला कंपनीत पॅकिंगला जाते. रखमाजीचं नाव अहवालात आहे तसंच आहे.

मी दौंडला एकटी असते. मशीन परत केलं, घरात आवाज नाही. पेपरातली चौकट अजून भिंतीवर आहे. काढायला स्टुलावर चढावं लागेल, आणि आता मला चढवत नाही.